सोनपंखीच्या कपाळावरची खूण

४ नोव्हेंबर

तुळजापुरातला पहिला दिवस, आणि हसून हसून गाल दुखताहेत. कळंबहून एसटीत मॉनिटर मांडीवर धरून आले. कंडक्टर म्हणाला, ‘ताई, टीव्हीचं पण तिकीट काढा.’ उद्यापासून इथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फोटो एडिटिंग शिकवायचं. खोली देवळामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. घरमालक बाबूराव गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही. वरच्या खोलीतला प्लग ठिणग्या टाकतो, तेव्हा माझा संगणक सरांनी खाली बैठकीतच मांडून दिला.

खरी गंमत पुढं. चहा घेऊन त्यांच्या बायको आल्या आणि माझ्या हातातली वायर गळून पडली. सोनपंखी! लहानपणी रविवारी सकाळी आमचं अख्खं घर जिच्यासाठी टीव्हीपुढं बसायचं, ती सोनेरी पंखांची परी. मी गेली कित्येक वर्षं जिचे वॉलपेपर करते, तीच बाई मला म्हणत होती, ‘साखर कमी झाली का गं?’

६ नोव्हेंबर

काकूंना (वनमाला त्यांचं नाव) आज माझे वॉलपेपर दाखवले. मालिकेतली जुनी, धुरकट चित्रं घ्यायची, स्वच्छ करायची, मागं डोंगर आणि चांदणं टाकायचं, पंखांना झळाळी द्यायची. माझ्यासारखी वेडी माणसं अजून आहेत. ती ते उतरवून घेऊन आपल्या संगणकावर लावतात. काकू पडद्याला नाक लावून बघत होत्या. म्हणाल्या, पंख कोंबडीच्या पिसांचे होते, त्यांना सोनेरी ऑइलपेंट मारलेला, वासानं डोकं धरायचं. मग हळूच विचारलं, आत्ताच्या मला बसवता येईल का गं त्यात?

का नाही येणार!

१० नोव्हेंबर

रविवार. गच्चीवर काकूंचे फोटो काढले. त्यांनी जांभळी इरकल नेसली होती. दुपारभर खाली बसून चित्र जुळवलं. सर शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. कुठलं बटण काय करतं ते त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. काकूंच्या डाव्या भुवईवर एक जुनी खोल खूण आहे. सोनपंखीला ती नव्हती. बाजूची कातडी उचलून मी तिच्यावर फिरवली, दोन झटक्यांत कपाळ साफ. सरांनी पडद्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

चित्र अप्रतिम झालंय. आजवरचं माझं सर्वांत चांगलं काम. पडद्यावर लावून ठेवलंय.

११ नोव्हेंबर

सकाळी भांडी घासायला येणाऱ्या कमलबाईंनी आधी पाहिलं. म्हणाल्या, ‘अवो, तुमच्या कपाळाचा घाव कुठं गेला?’ काकूंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, कसला घाव? मी जवळ जाऊन बघितलं. खूण नाही. नुसती फिकट झालेली नाही, तिथं कधी काही नव्हतंच असं कपाळ.

मी म्हटलं, उजेडाचा खेळ असेल. कमलबाई भांडी अर्धी टाकून गेल्या.

१३ नोव्हेंबर

बैठकीत एका मुलाचा फोटो आहे, हार घातलेला. आल्या दिवशीच पाहिला होता, विचारायचा धीर झाला नव्हता. आज काकू त्यावरची धूळ पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. सरांना म्हणाल्या, ‘अहो, हा मुलगा कुणाचा?’

सरांच्या हातातला पेपर खाली पडला.

नंतर ते वर माझ्याकडं आले. जिन्याच्या पायरीवर बसूनच सांगितलं. मुलगा त्यांचाच. कैवल्य. पंधरा वर्षांपूर्वी तापानं गेला. त्याआधीच्या वर्षी त्यानं अंगणात भोवरा मारला आणि त्याची लोखंडी आर उडून आईच्या कपाळात घुसली. खूण त्याची. तो गेल्यापासून रोज दिवा लावला की ती खुणेवर बोट ठेवायची. ‘काल दिवा लावला,’ सर म्हणाले, ‘हात कपाळापर्यंत गेला. कशाला वर नेला हेच तिला कळंना. तसाच खाली आला.’

१४ नोव्हेंबर

चित्रात खूण पुसली होती ते मागं घेऊन, अनडू करून पाहिलं. मूळ फोटो उघडला. त्यातही खूण नाही. फोनवरच्या फोटोतही नाही. सरांनी कपाटातून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा अल्बम काढला. कागदावरच्या फोटोतसुद्धा कपाळ कोरं.

मग मी ब्रश घेतला आणि सरांना विचारत विचारत खूण परत काढली. लांबी, वळण, रंग. ते म्हणाले, थोडी वर. हां, तिथंच.

स्वयंपाकघरातून काकूंची किंकाळी आली.

१५ नोव्हेंबर

तीन टाके. डॉक्टर विचारत होते, कशावर आपटल्या? काकूंना सांगता येईना. दुखतंय म्हणून लहान मुलासारखं रडत होत्या. सरांनी फोटो त्यांच्या हातात दिला, म्हणाले, बघ, यानं मारला होता भोवरा. काकू म्हणाल्या, ‘लई गोड पोरगं आहे. पण मला का मारंल?’

घाव आला. कैवल्य आला नाही.

ब्रश फिरवलेलं सगळं काढून टाकलं. टाके गेले. कपाळ पुन्हा कोरं.

१७ नोव्हेंबर

काकू आनंदात आहेत. हेच बघवत नाही. गाणी म्हणतात, कमलबाई येत नाहीत म्हणून स्वतःच भांडी घासतात. सर म्हणाले, पंधरा वर्षांत ही अशी झोपली नव्हती. मग म्हणाले, आता त्याच्याबद्दल घरात कुणाशी बोलू?

मी म्हटलं, माझ्याशी बोला.

ते बोलले. अंधार पडेपर्यंत बोलले. वर येऊन मी पहाटेपर्यंत रडले, कधी न पाहिलेल्या त्या पोरासाठी.

१९ नोव्हेंबर

सरांनी आपला चेहरा पुढं केला. नाकापासून ओठांपर्यंत दोन घड्या. म्हणाले, त्या त्याला पोचवून आल्यावर पडल्या. ‘पुसा,’ म्हणाले. ‘ती एकटी हसते, मी एकटा रडतो. असा संसार असतो का?’

मी नाही म्हटलं. तुम्हीही विसरलात तर कैवल्य कुणाचाच राहणार नाही, म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस —

संगणक बंद केला. चित्र पुसून टाकलं. उद्या क्लासवरून आले की संगणकच घेऊन जाते इथून.

२० नोव्हेंबर

आले. संगणक चालूच होता. चित्र परत आलेलं, पुसलेल्या फायलींच्या डब्यातून. सोनपंखीच्या शेजारी सर. गुळगुळीत. पंचविशीतले.

बटणं मीच शिकवली होती.

भिंतीवर नुसता खिळा. हार कचऱ्याच्या डब्यात. सरांनी हसून विचारलं, ‘जेवलीस का गं?’ मी विचारलं, फोटो कुठंय? म्हणाले, कसला?

खोलीत आले. कडी लावली. हे लिहून ठेवते, आता फक्त मलाच —

कैवल्य. नऊ वर्षांचा. पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करून खायचा. विहिरीत उतरायला भ्यायचा. पाढे म्हणताना सात सक अडायचं, सर मुद्दाम तेच विचारायचे. भोवऱ्याला त्यानं नाव ठेवलं होतं —

जिन्यात पावलं. दोघांची. हसताहेत.

काकू दारातून म्हणताहेत, ‘अश्लेषा, रडून रडून डोळ्यांखाली किती काळं झालंय तुझं. तुझाही फोटो होता की संगणकात. यांनी पुसून दिलं बघ. आता बरं वाटंल.’

भोवऱ्याचं नाव. सरांनी सांगितलं होतं, त्या संध्याकाळीच. लाल होता. नाही, हिरवा. त्या मुलाचा. त्या मुलाचं नाव वर लिहिलंय, वर बघते — वाचता येतंय, पण हा कोण —

दार मीच उघडते. का बरं लावलं होतं —