व्हिटबीला राहिलेल्या चपला

१२ मे, लीड्स
आजबी तेच! लेक संगमेश समोर बसलेला, त्याच्याच घरात, अन् आमचे हे माझ्याकडं बघून म्हणतात, “अगं, त्याला सांग, चहात साखर कमी हाय.” तीन वर्षं झाली. “अप्पा, आता गावात काय ठेवलंय?” — संगमेश फोनवर एवढंच बोलला होता. तेव्हापासून बापानं अबोला धरला. विमानात बसतानाबी मला बजावलं, “मी विलायत बघायला चाललो, त्याला न्हाई.” देवा, ह्या दोघांना एकदा बोलतं कर. निरोप सांगून सांगून जीव वैतागला माझा.

१३ मे
उद्या समुद्राकाठच्या जुन्या गावाला जायचं — व्हिटबी. दशम्या केल्या.

१४ मे
काय गाव हाय! लाल कौलांची घरं, खाली होड्या, टेकडीवर चर्च अन् मोडक्या मठाच्या भिंती. हे म्हणाले, “आपल्या कंधारच्या किल्ल्यावाणीच मोडलंय. पण झाडून-पुसून ठेवलंय!” तेवढ्यात एका पांढऱ्या पक्ष्यानं माझ्या हातातली दशमी पळवली. मेला! हे पोट धरून हसले.

वर जायला एकशे नव्याण्णव पायऱ्या. वर देव हाय म्हटल्यावर ह्यांनी पहिल्या पायरीपाशीच चपला काढल्या, माहूरला काढतात तशा. संगमेश म्हणाला, “आई, अप्पांना सांग, इथं कोणी काढत न्हाई. दगड गार असतेत.” हे म्हणाले, “त्याला सांग, देव कुठलाबी असो.” अन् निघाले तुरुतुरु.

संगमेश जरा वेळ बघत उभा राहिला. मग त्यानंबी बूट काढले, हातात धरले, अन् बापाच्या मागं अनवाणी! गोरे लोक बघून राहिले. मला हसूबी आलं अन् रडूबी. ह्यांनी वळून बघितलं, अन् पुन्हा चढू लागले.

उतरलो तर चपला गायब! पोरानं चार दुकानांत जाऊन विचारलं, पण बाकीची तोवर बंद झाली. हे उलट खूश! “देवाच्या दारातून चप्पल गेली की पनवती गेली. त्याला सांग, शोधू नको.” संगमेशनं आपले बूट ह्यांच्यापुढं ठेवले. ह्यांनी गुपचूप घातले. पोरगं नुसत्या मोज्यांवर गाडीपर्यंत आलं.

२१ मे
विमानतळावरबी, “त्याला सांग, येतो.” एवढंच. डोकं फोडून घ्यावं वाटलं.

९ जून, कंधार
संगमेशचे ते बूट हे इथवर घेऊन आले, अन् रोज पुसून राहिलेत. घालत मात्र न्हाईत. विचारलं तर म्हणे, “धूळ बसती.” हाव, लई धूळ!

१९ ऑक्टोबर
सकाळी दार वाजलं. संगमेश! न कळवता! हातात ह्यांच्या चपला. त्या पायऱ्यांजवळच्या एका दुकानदार बाईनं पावसात भिजतील म्हणून आत नेऊन ठेवल्या होत्या. हा पुन्हा तेवढ्यासाठी व्हिटबीला गेला होता म्हणे.

हे उंबऱ्याशी आले. चपलांकडं बघितलं. “अगं, त्याला सांग—” म्हणाले, अन् थांबले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले,

“पाय धुऊन ये, संग्या. भाकर गरम हाय.”