अण्णांसमोर

६ जानेवारी १९६१
आज चंपाला अंघोळ घातली. मी! सासूबाई उद्या तुमकूरला परत जाणार, सोमवारपासून बायको, भाग्यलक्ष्मी, शाळेत शिकवायला जाणार — मग कोण घालणार? पाय पसरून बसलो, तीन महिन्यांची पोर पायांवर पालथी. सासूबाई कानडीत बजावत होत्या, "स्वल्प, स्वल्प." थोडं थोडं पाणी! मी तांब्याच उपडा केला. पोर किंचाळली, सासूबाई हसून बेजार.

माझे वडील, अण्णा, उठून बाहेर गेले. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांनी मला कधी उचललेलं आठवत नाही. भाग्यलक्ष्मीला हे अजब वाटतं. "आमचे अप्पा मला खांद्यावर बसवून देवळात न्यायचे," म्हणाली.

मला तसं व्हायचंय.

१० जानेवारी
शिलाईचं दुकान घराच्याच ओसरीत, म्हणून जमतंय. भाग्यलक्ष्मी मधल्या सुट्टीत पाजायला येते. तरी पोर मांडीवर घेऊन काज होत नाही, हे कळलं. येसाजीच्या विजारीचा एक पाय दोन इंच आखूड कापला. तो म्हणाला, "मास्तर, बायको नोकरीला आणि तुम्ही लंगोट बदलता?" मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, परवा या. नवी शिवतो." लाज वाटली. मग लाज वाटल्याचाच राग आला.

११ जानेवारी
चंपा मला बघून हसली. इतक्या लहानपणी उगाच हसतात म्हणे. म्हणोत.

१५ जानेवारी
अण्णा आठवडाभर बोलले नव्हते. आज जेवताना म्हणाले, "साऱ्या चामराजपेट वस्तीत तिला घेऊन फिरतोस. लोक मला विचारतात." पूर्वी मी मान खाली घालून जेवलो असतो. आज म्हणालो, "अण्णा, तुमचा मान राखीन. पण ती रडली तर तुमच्यासमोरही उचलीन." भाग्यलक्ष्मीनं न विचारता पानात तूप वाढलं.

१९ जानेवारी
दोन दिवस चंपाला ताप. अण्णांसमोरच तिला घेऊन येरझाऱ्या घातल्या. आज सकाळी उतरला. अण्णा जवळ आले. "तुझ्याआधी एक मुलगी होती. सकवार. तापात माझ्याकडे हात करत होती. माझे वडील समोर बसले होते..."

चंपाला त्यांच्या हातांत दिलं.

चौतीस वर्षांचा झालो. मला एक बहीण होती, हे आज कळलं.