उद्याच्या सुईआधी

परभणी, जुलै १९७९

ती. वाल्मीकदादास, कोकिळाचा नमस्कार.

पंचमीला माहेरी आले अन् माझी वाचा गेली, त्याला साल होत आलं. उद्या डॉक्टर केटामीनची सुई देऊन मला बोलतं करणार हायेत. गुंगीत पोटातलं ओठावर येतं म्हणे.

नामांतराच्या दंगलीत बौद्धवाडा जळाला, त्या सकाळी तुझा रॉकेलचा वास मारणारा सदरा मी तीनदा धुतला. सुई देताना माझा हात धरणारी आया धुरपता त्याच वाड्यातली हाय. ती रोज माझी वेणी घालती अन् म्हणती, "बोल माय, मोकळी हो."

दादा, लय भ्या वाटायलंय. गुंगीत बोलून जाईन याचं न्हाई. शुद्धीवर आल्यावरबी बोलावं वाटलं तर?

हे पत्र उशीखालीच राहील.

आजच्यापुरती मुकी,
तुझी कोकिळा