करंजखाडीच्या धक्क्यावर ओतलेल्या गोगलगायी

दि. २ सप्टेंबर

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
करंजखाडी प्रभाग कार्यालय, मुंबई उपनगर

विषय : गोगलगायींपासून कोळीवाड्यात पसरलेल्या मेंदूच्या आजाराबाबत
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज, जे आपल्याकडे ‘सापडत नाहीत’

महोदय,

जुलैत आपल्याच रिक्षावरचा भोंगा कोळीवाड्यात ओरडत फिरला होता : “आफ्रिकन गोगलगायींना उघड्या हातांनी शिवू नका.” मी हसले. खेकड्यांच्या नांग्या बांधणाऱ्या घरात गोगलगायीला कोण भिणार? त्या भोंग्यावर तेव्हा माझा विश्वास बसला नाही. आपला तर आजही बसलेला दिसत नाही.

कारण सोसायट्यांच्या बागांतून वेचलेल्या गोगलगायींची पोती आपण कचराभूमीवर न नेता आमच्या धक्क्यावर ओतायला लावलीत. आपले उद्गार मला पाठ आहेत : “कोळ्यांना आमिषाला होतील, फुकट कशाला घालवायच्या?” केवढी ही माया! माझे सासरे रामनाथ यांनी त्या घरातल्या कापायच्या फळीवर ठेचून खेकड्यांच्या सापळ्यांत भरल्या. आमच्यात आमिषाची आणि जेवणाची फळी वेगळी नसते, कारण आमिषही मासळीच. त्याच फळीवर, वरवर पाणी मारून, सासूबाईंनी माझ्या चार वर्षांच्या गार्गीला काकडी कापून दिली.

पुढे गार्गी डोकं धरून रडू लागली. डॉक्टर म्हणाले, “बाळा, हनुवटी छातीला लाव बघू.” तिला लावता येईना; मेंदूच्या आवरणाला सूज आली की मान अशी आखडते, म्हणाले. उंदराचा जंत गोगलगायीत शिरतो आणि तिथून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो, हे मला त्या दिवशी कळले. गार्गी आता घरी आहे, सावरते आहे.

आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे, की गोगलगाय उद्यान खात्याची, उंदीर कीटकनाशक खात्याचा, धक्का बंदर खात्याचा. जंत मात्र सगळ्या खात्यांतून एकाही सहीशिवाय पार झाला. त्याला नोकरीत घ्या, काम तरी होईल.

फळ्या आम्ही वेगळ्या केल्या. आपल्याला अक्कल येईपर्यंत पोती राहू द्यात तिथेच. आजचा अर्ज सुशांतसाठी आहे. तो आपलाच कंत्राटी कामगार. हातमोजे न देता आपण त्याला ती पोती ओतायला लावलीत, आणि त्याच हातांनी तो आमच्या ओट्यावर वडापाव खात होता. गेल्या आठवड्यात म्हणाला, “वहिनी, मान आखडलीय. पोत्यांनी असेल.” तेव्हापासून आला नाही. फोन बंद. मुकादम म्हणतो, “मारली असेल दांडी.” त्याचा पत्ता मागितला, तर आपले कार्यालय म्हणते, गोपनीय आहे.

मग आपणच जा. नोटीस नको, साहेबी नको. त्याला हनुवटी छातीला लावता येते का, एवढे आजच बघून या.

आपल्या उत्तराची आशा सोडलेली,
मनाली सुयोग वैती
करंजखाडी कोळीवाडा

सोबत : गार्गीच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत. फाईलला लावू नये, सुशांतच्या डॉक्टरांना दाखवावी.