एलिनॉरच्या आईचा कायदा

बनेद अल-गार, कुवेत
१९ मे २००५

प्रिय शामलाताई,

फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहिते आहे. अजून नीट सावरले नाहीये.

सोमवारी इथल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला. दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवणं कसलं! अरबी शिकवणारी हनान बकलावा या मिठाईचं ताट घेऊन लायब्ररीत आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून रडलीच. तिची आई मत न देताच गेली. आम्ही सगळ्या जमलो. इंग्रजीच्या एलिनॉरबाई होत्या, शाळेच्या दवाखान्यातली नर्स ग्लोरिया होती. दोघी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एकाच राज्यातल्या. एलिनॉरबाई गोऱ्या, ग्लोरिया काळी. एलिनॉरबाई मला फार आवडतात. आमच्या निखिलचं इंग्रजी त्यांनीच सुधारलं.

हनानच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "माझी आई एकोणीसशे पन्नासच्या सुमारास आमच्या राज्याच्या विधानसभेत निवडून गेली. एवढ्या पुरुषांत ती एकटी बाई! विधवांच्या पेन्शनचा कायदा तिनं करून घेतला." आम्ही टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांत जोरात. तू नगराध्यक्ष झालीस तेव्हा मला असंच भरून आलं होतं.

ग्लोरियानं जिल्हा विचारला. नाव ऐकून तिनं हातातला बकलावा ताटात ठेवला. "माझी आजी तिथलीच विधवा. तिला पेन्शन मिळाली नाही. घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्यांना कायद्यातून वगळलं होतं, म्हणजे आम्हा सगळ्या काळ्यांनाच. आई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर अधिकारी राज्यघटनेचा अर्थ सांग म्हणाले. सांगितला, तर चुकला म्हणाले. तो नियम त्याच विधानसभेचा. तुमच्या आईनं विरोध केला होता?"

मला वाटलं, बाई हो म्हणतील. त्यांचा चेहरा उतरला. "नाही," त्या म्हणाल्या, "तो तिनंच मांडला होता." आणि लगेच, "पण ती वाईट नव्हती गं. आमच्या स्वयंपाकीणबाईला ती घरच्यासारखं वागवायची."

ग्लोरिया निघून गेली. हनान माझ्याकडे बघत राहिली. मला तूच आठवलीस.

ताई, कारण हेच वाक्य मी रविवारी फोनवर तुझ्या तोंडून ऐकलं होतं. बौद्धवाड्यात मंजूर झालेलं प्रसूतिगृह तू आपल्या पेठेत हलवते आहेस. तिथली नगरसेविका रंजना साळवे सभेत विरोध करायला उठली, तर तू तिचा माइक बंद करायला लावलास. हे मला तुझ्याच लेकीनं, सलोनीनं रडत सांगितलं. मी विचारलं, तर म्हणालीस, "आमच्या कामवालीला विचार, घरच्यासारखं वागवते मी तिला." कळा सुरू झालेल्या बायकांनी मधला नाला ओलांडून पेठेत यायचं कसं? इमारतीला आईचं नाव द्यायचं ठरलंय, कोनशिला मी बसवावी, तिकीट काढ म्हणालीस. त्याचं हे उत्तर. बौद्धवाड्यात बांधलंस तर पहिल्या विमानानं येईन. पेठेत बांधलंस तर येणार नाही, आणि आईचं नावही देऊ देणार नाही; मीही तिची मुलगी आहे, तसं नगरपालिकेला लेखी कळवीन. हवं तेवढं रागाव. पण महिनाअखेरीच्या सभेआधी रंजनाकडे जा आणि ती काय म्हणते ते ऐकून घे.

रागावलीस तरी तुझीच,
मुक्ता