शुक्रवार ताईंचा

१२ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आमचा फोन बिघडलेला नाही. मीच त्याची वायर भिंतीतून काढून ठेवली आहे. हॉस्पिटलमधून शेवटचा निरोप आला तो त्याच फोनवर, आणि तो मीच घेतला होता. त्यानंतर घंटा वाजली की हातपाय गार पडायचे. काही दिवस सहन केलं, मग काढून टाकला. तू सध्या पत्रच लिही. पत्र वाजत नाही.

मी बरा आहे. ऑफिसात जातो, पाइपलाइनचे नकाशे काढतो, संध्याकाळी घरी येतो. परवा शिपायाने माझ्या टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची पुडी आणून ठेवली. माझा घसा बसला आहे अशी त्याची समजूत झाली होती. मी गोळ्या घेतल्या. समजूत दूर करायची म्हणजे बोलावं लागलं असतं.

एक बातमी आहे. रविवारी सिस्टर येऊन गेल्या. तुझी ताई दर शुक्रवारी संध्याकाळी ज्या फोनसेवेत जाऊन बसायची, ती त्या चालवतात. तू त्यांना नोव्हेंबरात पाहिलं आहेस. उंच, पांढऱ्या केसांच्या, आयुष्यभर नर्स होत्या. ज्याला बोलायला कुणी नाही त्याने तिथे फोन करायचा आणि इकडच्याने ऐकायचं. नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. एवढंच ते काम. तर त्यांना जी संस्था मदत करायची तिने आता हात आखडता घेतला आहे. जूनचं भाडं जमलं नाही तर चष्म्याच्या दुकानावरची ती खोली जाणार, आणि खोलीबरोबर फोनही.

म्हणून सिस्टरनी एक कार्यक्रम काढला आहे. आठ-दहा जणांनी एक दिवस, सकाळपासून बाजार बंद होईपर्यंत, एका जागी बसून मौन पाळायचं. गप्प राहिलेल्या दर तासामागे कोण किती देणार ते प्रत्येकाने आपल्या ओळखीच्यांकडून आधीच कबूल करून घ्यायचं. जो बोलला तो बाद, त्याचे तास तिथेच संपले. बाकीचे सगळे त्या फोनवर ऐकायला बसणारेच आहेत. मग मला का, असं मी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, की मौन म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव माझंच आलं.

मी हो म्हटलं आहे. हिच्या कामासाठी आहे, आणि त्यात मला नवीन काही शिकायचं नाही.

मुलांना आशीर्वाद, तुझ्या यजमानांना नमस्कार. माझ्याकडून उशीर झाला तरी तुझ्याकडून होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊजी


२१ जानेवारी

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

पत्र पाळणाघरातच वाचलं, पोरांच्या आरडाओरड्यात. खोकल्याच्या गोळ्यांपाशी हसू आलं आणि पुढच्याच ओळीला गेलं.

तुमच्या मौनाला माझ्याकडून एक पैसाही मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या लग्नात नवऱ्या मुलाचा आवाज कसा आहे ते ऐकायला मी दिवसभर तुमच्या मागे मागे फिरले होते. शेवटी तुम्ही पंखा जरा मोठा कराल का म्हणालात, तेही पंखेवाल्याला. इतकी वर्षं फुकट केलंत त्याचे आता तासावर पैसे लावणार? आमचे हे म्हणतात, की हे म्हणजे माशाने पोहायची वर्गणी मागितल्यासारखं झालं.

थट्टा पुरे. भाऊजी, मला हे आवडलेलं नाही. शेजारच्या काकूंनी कळवलं, की तुम्ही दूधवाल्याशीसुद्धा दाराला चिठ्ठी लावून बोलता. ताई असताना तुम्ही गप्प असायचात ते वेगळं होतं. ती बोलायची, तुम्ही ऐकायचात, घरात बोलणं असायचं. आता तुम्ही गप्प म्हणजे घरच गप्प. आणि त्याबद्दल लोक तुमची पाठ थोपटणार?

आता माझंही ऐका. रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा, तुम्हाला ठाऊकच आहे. ती गेल्यापासून रविवारी मी करते. इकडे घंटा ऐकू येत राहते. तुम्ही घ्याल अशी आशा मी केव्हाच सोडली होती. पण ताईच्या घरात माझ्यामुळे काहीतरी वाजतंय, एवढं तरी वाटायचं. तुमचं पत्र आल्यावर कळलं, की तिथे तेही वाजत नव्हतं.

हे लिहायचं नव्हतं, लिहून गेले. जेवणाची हयगय करू नका. आमच्यावर लोभ आहे तो ठेवावा, आणि कधीतरी तोंडाने सांगावा.

तुमची,
चिमणी


४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तू दर रविवारी फोन करतेस हे मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र वाचून वायर लावायला उठलो होतो. जमलं नाही.

थट्टेचं वाईट वाटलं नाही. हीसुद्धा हेच म्हणाली असती, फक्त जास्त वेळ म्हणाली असती. पण कबूल केलं आहे तेव्हा बसणार.

चष्मेवाल्यांनी आपलं दुकान द्यायचं ठरवलं आहे. शुक्रवारी त्यांची सुट्टी असते, म्हणून शुक्रवारच धरला. पुढची सगळी बाजू काचेची आहे. आत बसलेली गप्प माणसं पाहायला लोक थांबतील आणि सिस्टरच्या डब्यात काहीतरी टाकतील, असा हिशेब आहे. कोण किती वेळ टिकतं ते चष्मेवाले स्वतः पाहणार. आमच्या साहेबांनी चांगली रक्कम कबूल केली. मात्र माझे ऑफिसातले तास यात धरायचे नाहीत, नाहीतर घर विकावं लागेल, अशी अट घातली. सगळे हसले. मीही हसलो, असं वाटतं.

काल तयारीसाठी जमलो होतो. त्या दिवशी वरच्या फोनवर कोण, असं सिस्टरनी विचारलं. मास्तर म्हणाले, शुक्रवार ताईंचा. हे मास्तर निवृत्त शिक्षक, सोमवारी ऐकायला बसतात. नोव्हेंबरात ही गेल्यापासून शुक्रवार कुणीच आपल्याकडे घेतलेला नाही. ज्याला जमेल तो आपणहून जाऊन बसतो, पण म्हणताना सगळे शुक्रवार ताईंचा असंच म्हणतात. सिस्टरनीही मान हलवली आणि खुर्च्यांचं बोलायला लागल्या. मला ते ऐकून फार बरं वाटलं. कुणाला तसं सांगितलं नाही, तुला लिहितो आहे.

थंडी आहे, मुलांना सांभाळ. आठवण काढतेस तशीच काढत राहा.

तुझा,
भाऊजी


१२ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

तुम्ही वायर लावायला उठलात, हे मी आमच्या ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. उठलात हेही पुष्कळ झालं.

मौनाला एक पैसा देणार नाही म्हटलं ते कायम. पण त्यानंतर तुम्ही जे पहिलं वाक्य बोलाल त्याचे देईन, आणि तुमच्या साहेबांपेक्षा जास्त देईन. हं, बरं, असू दे, यातलं काही चालणार नाही. पुरतं वाक्य हवं, आणि ते समोरच्या जिवंत माणसाला म्हटलेलं हवं.

खरं सांगू का? मला तुमच्या दिवसभराच्या मौनाची भीती नाही. संध्याकाळी वेळ संपेल, बाकीचे सगळे हुश्श करून बोलायला लागतील आणि तुम्ही मात्र तसेच उठून घरी जाल, याची आहे. ताई गेली. तुम्ही इथे असून हरवलात तर मी कुणाकडे तक्रार करू?

शाल घेऊन बसा. दुकानात काचेमुळे गारवा असतो. मोठे आहात, लोभ करावा, मीही हक्काने मागत राहीन.

तुमची,
चिमणी


२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

कार्यक्रम पार पडला, पण ठरला तसा नाही. सविस्तर लिहितो, म्हणजे तुला उलटसुलट काही कळायला नको.

सकाळी आम्ही दुकानात बसलो. भिंतीवर तिन्ही बाजूंना रिकाम्या फ्रेमा, त्यामुळे पुष्कळ लोक आपल्याकडे पाहताहेत असं वाटायचं. मला डोळे तपासायची खुर्ची मिळाली, मागे जिन्याच्या दाराशी. शाल घेतली होती. लोक काचेला नाक लावून पाहायचे, हसायचे, डब्यात पैसे टाकायचे. एका बाईने मास्तरांना हसवण्यासाठी कडेवरच्या मुलाकडून वाकुल्या दाखवून घेतल्या. मास्तर लालबुंद झाले, पण टिकले.

मला काही जड गेलं नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या गप्प असण्याची कुणी काळजी करत नव्हतं. दुपारनंतर तर मनात आलं, की संध्याकाळ झालीच नाही तरी चालेल. मग तुझं पत्र आठवलं आणि मी घाबरलो.

दिवे लागायच्या सुमाराला वरच्या खोलीतला फोन वाजला. छताला नुसती लाकडी फळ्यांची तक्तपोशी आहे, घंटा डोक्यात वाजल्यासारखी ऐकू येते. वाजत राहिली. आम्ही सगळे वर पाहायला लागलो, मग एकमेकांकडे. मास्तरांनी समोरच्याकडे बोट दाखवलं, त्याने शेजारच्या बाईंकडे, त्यांनी खांदे उडवले. सगळेजण इथे खाली बसले होते. शुक्रवार ताईंचा म्हणून सगळे निर्धास्त राहिले होते. आयुष्यभर दुसऱ्याचं ऐकणारी माणसं तोंड मिटून बसली होती आणि ऐकायच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

फोन थांबला. आणि पुन्हा वाजायला लागला. ज्याने केला होता त्याने पुन्हा एकदा धीर गोळा केला असणार.

सिस्टर रस्त्याच्या पलीकडे डबा घेऊन उभ्या होत्या. मास्तर उठले, पण त्यांना जिना चढवत नाही. मी कधी उठलो ते मला सांगता येणार नाही. माझी खुर्ची दाराजवळ होती, एवढंच कारण असेल. जिन्यात हातपाय गार पडले. किल्ली चौकटीवर असते हे मला ठाऊक होतं, कारण शुक्रवारी हिला न्यायला मी तिथेच पायरीवर थांबत असे.

फोन उचलला. हिचं सुरुवातीचं वाक्य दाराआडून ऐकून माझं पाठ झालं होतं. तेच मी म्हणालो, की बोला, मी ऐकतोय, घाई नाही. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तुझ्या अटीत हे बसतं का ते तू ठरव.

पुढे काय बोलणं झालं ते तुला लिहिणार नाही, कुणालाच सांगणार नाही. थोड्या वेळाने सिस्टर धापा टाकत वर आल्या. मी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हळूच माझ्या कानाकडे लोटला आणि शेजारी स्टुलावर बसल्या. मला या कामाचं शिक्षण नाही, माझ्या चुका झाल्या असतील. एकदा मी न राहवून जेवलात का असं विचारलं. सिस्टरनी चालेल अशी मान हलवली. शेवटी पलीकडच्या माणसाने फोन ठेवला तो आपटून नाही, हळू ठेवला. एवढं सांगायला सिस्टरनी परवानगी दिली आहे.

खाली आलो तर मास्तरांनी मोठ्याने विचारलं, की माणूस ठीक आहे ना. त्याबरोबर तेही बाद झाले. मग सगळेच बोलायला लागले आणि चष्मेवाल्यांनी हात टेकले. पण पैसे जवळजवळ सगळ्यांनी पुरते दिले. साहेबांनी तर ऑफिसातल्या तासांची अटही सोडली. जूनचं भाडं जमलं, त्यापुढचेही काही महिने निघतील.

सिस्टर मात्र पायरीवर बसून राहिल्या. चूक आपली, म्हणत होत्या. फोनवर कोण असं आपणच विचारलं, आणि उत्तर ऐकूनही ऐकलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणाले, चूक सगळ्यांची. ताईंचा शुक्रवार दुसऱ्याला द्यायचा कुणाला धीर झाला नाही. मी त्यांना सांगितलं, की यापुढे शुक्रवार ताईंचा असं म्हणू नका. हे सांगताना मला जड गेलं, त्यांनाही ऐकताना गेलं. मग मी शुक्रवार मागून घेतला. सिस्टर म्हणाल्या, आधी नीट शिकावं लागेल. या आठवड्यापासून शिकायला जातो आहे.

काल वायर लावली. रविवारी फोन कर. फार बोलणार नाही, पण उचलेन.

एकच लिहायचं राहिलं. तुझी ताई एरवी अखंड बोलायची, पण शुक्रवारी खोलीतून उतरली की घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. मला वाटायचं, दमली असेल. मी विचारलं नाही. तिच्या बाजूने पिशवी घेऊन चालायचो. परवा दुकानातून निघालो तेव्हा मास्तर सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. त्याच रस्त्याने, त्याच बाजूने आलो. जे ऐकलं होतं ते कुणाला सांगायचं नव्हतं. बोललो नाही. पण ही गेल्यापासून त्या रस्त्याने एकटा आलो असं त्या दिवशी वाटलं नाही. दोघं मिळून गप्प आलो.

जास्त काय लिहू. माया असू दे.

तुझा,
भाऊजी