सरकार विरुद्ध बदकं

२ जानेवारी, पहाटे (म्हणजे साडेसात)

नवी रोजनिशी. जुनी मार्चपर्यंत लिहिली, पुढे वेळ मिळाला नाही. कामाच्या माणसाचं असंच होतं.

यंदा पहाटे उठायचं. फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचायची, मगच मत द्यायचं. साडूवर चिडायचं नाही. आणि वर्ष संपायच्या आत मुख्य विधी सल्लागार व्हायचं. हा शेवटचा खरं तर संकल्प नव्हे, नुसती औपचारिकता आहे. ती खुर्ची मार्चअखेर रिकामी होतेय. सीमाशुल्क खात्याची बाजू इतकी वर्षं मांडणारा ज्येष्ठ सरकारी वकील माझ्याशिवाय आहे कोण? डायरेक्टरसाहेब परवा लिफ्टमध्ये स्वतःहून म्हणाले, काय, कसं काय? असं ते सगळ्यांना विचारत नाहीत.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, उठलाच आहात तर दाराबाहेरचं दूध आत घ्या.

८ जानेवारी

मोठी केस आली. बंदरावर आमच्या लोकांनी एक कंटेनर अडवलाय. आत प्लॅस्टिकची पिवळी बदकं. बदकाच्या चोचीत फुंकलं की सूर निघतात. थोडक्यात, बदकाच्या आकाराचा माउथ ऑर्गन. आयातदाराने कागदावर लिहिलं ‘खेळणी’. खेळण्यांवर शुल्क नावापुरतं, वाद्यांवर भरपूर. आमचं म्हणणं, हे वाद्य आहे. वाद आता न्यायाधिकरणापुढे गेलाय.

डायरेक्टरसाहेबांनी फाइल माझ्याकडे देताना सांगितलं की वरपासून सगळ्यांचं लक्ष आहे. म्हणजे खुर्चीचीच परीक्षा. मी फक्त हसलो. योग्य तेवढंच.

आयातदाराचा वकील कोण, तर आमचा साडू! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जगात इतके वकील असताना. दोन देशांच्या सीमेवर निदान चौकी तरी असते. साडूंच्या सीमेवर तीही नाही, तो केव्हाही आत येतो आणि जेवून जातो.

चिडलो नाही. फक्त दार जरा जोरात लागलं.

११ जानेवारी

फाइल वाचायला घेतली. जाड आहे. पहिली काही पानं फार महत्त्वाची वाटली, त्यामुळे तिथेच थांबलो. गाभा कळल्यावर फापटपसाऱ्यात शिरू नये.

माझ्या हाताखालच्या वकीलबाई, ज्यांना ऑफिसात सगळे ‘तळटीप’ म्हणतात (कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याला एक असते), म्हणाल्या की सर, एखाद्या संगीतशिक्षकाला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावू या. त्याने बदक वाजवून दाखवलं की प्रश्नच मिटला. मी म्हटलं, बाई, वाजवून दाखवायचं हे बरोबर, पण शिक्षक कशाला? शिक्षक वाजवणार यात नवल काय? एका सामान्य माणसाने, ज्याने आयुष्यात वाद्याला हात लावला नाही, त्याने वाजवलं तर? न्यायाधिकरण थक्क होईल.

त्यांनी विचारलं, कोण सामान्य माणूस?

मी उत्तरादाखल उठलो. नुसता खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

१३ जानेवारी

रीतसर सही करून नमुन्याचं एक बदक घरी आणलं. बायकोने विचारलं, हे कुणाला? म्हटलं, सरकारला.

संध्याकाळी पहिला सराव. शाळेच्या प्रार्थनेची साधी चाल निवडली. सूर सगळे निघतात. फक्त हवे तेव्हा निघत नाहीत. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम.

१९ जानेवारी

वरच्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य आज खाली आले. कुणाची दाढ दुखतेय का, म्हणून विचारत होते. वय झालंय बिचाऱ्यांचं, ऐकू कमी येतं.

पहाटे उठणं अजून जमलेलं नाही, पण रात्रीच्या सरावामुळे शेजारचे सगळे झोपेतून उठतात. म्हणजे संकल्प इमारतीपुरता सफल.

२७ जानेवारी

एका संगीतशिक्षकाकडे गेलो. साक्षीसाठी नव्हे, केवळ बारकाव्यांसाठी. त्यांनी मला वाजवायला सांगितलं, शांतपणे ऐकलं, मग पाणी मागवलं. स्वतःसाठी. म्हणाले, एवढ्या वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, पुढचा धडा कधी? ते म्हणाले, तुम्हाला मी शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.

एका बैठकीत! बायकोला सांगितलं. ती बराच वेळ कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत राहिली. खांदे हलत होते. भरून आलं असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आणि साडू जेवायला. केसबद्दल बोलायचं नाही असं बायकोने दोघांनाही आधीच बजावलं होतं. मी बोललो नाहीच. जेवणानंतर नुसतं बदक बाहेर काढलं आणि सगळी चाल वाजवली. शत्रूला आपली तोफ दाखवून ठेवावी, अर्धी लढाई तिथेच होते.

साडू खुर्चीवरून उठला! टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी. माझा हात हातात घेऊन म्हणाला, भाऊसाहेब, काहीही करा, पण हे कोर्टात वाजवाच. मी म्हटलं, तुझं नुकसान होईल रे. तो म्हणाला, माझी चिंता करू नका, न्याय महत्त्वाचा.

माणूस वाटतो तितका वाईट नाही. इतकी वर्षं मी उगाच मनात धरून बसलो.

ते गेल्यावर बायको म्हणाली की त्याच्या साखरपेरणीवर जाऊ नका, तुमच्या त्या तळटीपबाई सांगतात तसं शिक्षकाला बोलवा. म्हटलं, तुला यातलं काय कळतं? ती म्हणाली, यातलं मला आता सगळं कळतं, रोज भांडी घासताना तेच कानावर असतं.

२० फेब्रुवारी

मुख्य विधी सल्लागारांच्या केबिनमध्ये सहज डोकावलो. पडदे बदलावे लागतील. शिपायाला तसं सांगून ठेवलं. तो म्हणाला, साहेब, ते अजून बसलेत आत. खरंच बसले होते.

तळटीपबाईंनी पुन्हा शिक्षकाचा विषय काढला. त्यांनी म्हणे एका शिक्षिकेशी बोलूनही ठेवलंय. त्या फुकट यायला तयार आहेत. मी ठाम नकार दिला. मग त्या म्हणाल्या, निदान फाइलमधला प्रयोगशाळेचा अहवाल तरी वाचा, त्यात सूर बरोबर लागतात असं स्पष्ट लिहिलंय. मी म्हटलं, मी स्वतःच चालता-बोलता अहवाल आहे.

४ मार्च, सकाळी

आज सुनावणी. काळा कोट इस्त्रीचा. बदक खिशात. बायकोने निघताना विचारलं, अजूनही शिक्षिकेला फोन करता येईल ना? मी फक्त तिच्या खांद्यावर थोपटलं. बायकांना काळजी वाटायचीच.

४ मार्च, संध्याकाळी

सविस्तर लिहितो, पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.

सभागृह भरलेलं. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षबाई कडक, पण चांगल्या कानाच्या असाव्यात. गळ्यात दोरीचा चष्मा होता. मी मुद्दा मांडला: जे खेळतात ते खेळणं, जे वाजवतात ते वाद्य. नंतर परवानगी मागितली. साडू ताडकन उठला. मला वाटलं हरकत घेणार. तो म्हणाला, आमची काहीही हरकत नाही, उलट आग्रह आहे.

मी बदक ओठांना लावलं.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत चोच जरा ओली झाली, आणि बदकाने स्वतःहून एक आवाज काढला, जो चालीत नव्हता. मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मी दुप्पट जोराने फुंकलं. मग ते आवाज एकामागून एक येऊ लागले. मी थांबायला हवं होतं का? नाही. सरकार मध्येच थांबत नसतं. कडव्याच्या शेवटी श्वास संपला, तो आत ओढला, तर आत ओढतानाही वाजलं. हे मला माहीत नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, झालं का? मी म्हटलं, महोदया, अजून एक कडवं आहे. त्यांनी घाईघाईने सुनावणी संपवली.

प्रभाव पडल्याशिवाय कुणी असं करत नाही. साडूने युक्तिवादच केला नाही! म्हणाला, आम्हाला यात काही भर घालायची नाही. शरण आला.

तळटीपबाई परतीच्या गाडीत एकदम गप्प. कदाचित कौतुक व्यक्त करायला शब्द सापडत नसावेत.

२६ मार्च

निकाल आला. काही किरकोळ मुद्दे आपल्याविरुद्ध गेले आहेत. म्हणजे, सगळे.

आदेशातलं वाक्य असं: ‘विद्वान ज्येष्ठ सरकारी वकिलांनी स्वतः करून दाखवलेल्या प्रात्यक्षिकानंतर, या वस्तूतून संगीत निघू शकते हा दावा मान्य करणे या न्यायाधिकरणाला शक्य नाही. सदर वस्तू हे खेळणेच आहे, आणि तेही मोठ्यांच्या हाती न दिलेले बरे.’

‘विद्वान’ म्हटलंय, हे लक्षात घेण्यासारखं.

घरी सांगितलं. वाटलं होतं बायको म्हणेल, सांगितलं होतं ना. ती तसं म्हणाली नाही. जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. हे जरा जास्तच लागलं.

३ एप्रिल

डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, पण मी बसलो. वरिष्ठ न्यायालयात अपील करावं का, यावर माझं लेखी मत हवंय. मला वाटतं ही दुसरी संधी आहे. नाजूक प्रश्नात माझाच शब्द लागतो.

रात्रभर, नव्हे, दुपारभर विचार केला. अपील केलं तर वाजवण्याचा विषय पुन्हा निघणार. तो आदेश पुन्हा मोठ्याने वाचला जाणार, ते ‘मोठ्यांच्या हाती’ वगैरे. व्यक्तिशः मला काही नाही. पण खात्याची शोभा?

५ एप्रिल

मत लिहून दिलं. लेखन फार जोरकस उतरलंय: ‘मी स्वतः दोन महिने कसून प्रयत्न केला आहे. दोष वाजवणाऱ्याचा नसून वस्तूचा आहे. या बदकातून संगीत काढणे कोणाही मनुष्याला अशक्य आहे. सबब अपील करण्यात अर्थ नाही.’

तळटीपबाईंनी वाचलं. सर, प्रयोगशाळेच्या अहवालाच्या हे बरोबर उलटं आहे, म्हणाल्या. वर म्हणाल्या, नाचता येईना, अंगण वाकडं.

कुठलं अंगण ते कळलं नाही. बंदरावरच्या यार्डबद्दल म्हणत असाव्यात.

२ मे

मुख्य विधी सल्लागार म्हणून तळटीपबाईंची नेमणूक झाली. तात्पुरती व्यवस्था असावी. ऑर्डरमध्ये ‘कायम’ लिहिलंय, पण सरकारी ऑर्डरींमध्ये टायपिंगच्या चुका फार.

अभिनंदन करायला गेलो. बाई उठून उभ्या राहिल्या, सर म्हणाल्या, चहा मागवला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच सांगितलं की सर, तुमच्याकडून पुष्कळ शिकले. मी विचारलं, काय काय? त्या म्हणाल्या, चहा घ्या, गार होतोय.

पडदे त्यांनी बदलले नाहीत. चूक केली.

७ जून, शनिवार

बदकं बाजारात आली. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर टांगलीत. मी पलीकडच्या फुटपाथने जातो. तिकडे सावली जास्त आहे.

साडूने केस जिंकल्याची आठवण म्हणून एक बदक चकचकीत कागदात बांधून घरी पाठवलं. चिडलो नाही. कागदासकट कचऱ्यात टाकलं. बायकोने मुकाट्याने उचलून घेतलं.

१५ जून, रविवार, सकाळी

आज आपोआप लवकर जाग आली. स्वयंपाकघरातून प्रार्थनेची चाल ऐकू येत होती. रेडिओ असेल म्हणून पडून राहिलो. छान वाजत होती. सरळ, स्वच्छ, मधली अवघड जागासुद्धा पाण्यासारखी. मग आठवलं, रेडिओ महिनाभर बंद आहे.

आत गेलो. गॅसवर चहाचं आधण. ओट्याला टेकून बायको. हातात पिवळं बदक.

मला पाहून थांबली. मी म्हटलं, वाजव. तिने पूर्ण वाजवलं, दुसऱ्या कडव्यासकट. ते दुसरं कडवं मी स्वतः पहिल्यांदाच नीट ऐकलं.

विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, दोन महिने कसं वाजवू नये ते रोज ऐकत होते. ते वगळलं. उरलं ते वाजवलं.

मग म्हणाली, मला घेऊन जायचं होतंत त्या दिवशी. सामान्य माणूसच हवा होता ना तुम्हाला?

मी वकील आहे, लगेच सावरलो. चहा न घेताच तळटीपबाईंना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. म्हटलं, बाई, अपील! साक्षीदार मिळाला, अगदी बिनतोड, घरचाच. ऐका. आणि फोन स्वयंपाकघराकडे धरला.

त्यांनी ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाल्या की सुरेख वाजवतात, सर. पण अपिलाची मुदत संपून गेली. आणि मुदत असती तरी फाइलवर पहिलंच पान तुमचं मत आहे. कोणाही मनुष्याला अशक्य, असं.

हो. सही माझीच आहे त्यावर.

बायको अजून वाजवतेय. वाद्य आहे ते. केस आपलीच बरोबर होती.